संघ कोण निवडतो? पालवणकर बंधू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

क्रिकेटचा नवा हंगाम जवळ आला, की मैदानावरचा खेळ सुरू होण्यापूर्वीच मैदानाबाहेर एक खेळ रंगू लागतो. निवड समितीची यादी अजून यायची असते. पण जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गालगत वसलेल्या आमच्या नशिराबादेतही टपरीवर, बसथांब्यावर, शिक्षकांच्या खोलीत ज्याची त्याची यादी तयार असते. कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे, नव्या मुलाला संधी द्यावी की जुन्या खेळाडूच्या अनुभवावर विसंबावे, आणि कप्तान कोणाला करावे, या चार प्रश्नांवर माणसे तावातावाने बोलतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या बोलण्याकडे हौशी बडबड म्हणून दुर्लक्ष करू नये. निकष, पुरावा, तुलना, आवडनिवड आणि पूर्वग्रह या समीक्षेच्या साऱ्या सामग्रीनिशी केलेला हा मूल्यविवेकच असतो. आपण प्रातिनिधिक कवितासंग्रहाचे संपादन करतो किंवा अभ्यासक्रमासाठी पुस्तके निवडतो, तेव्हा याहून निराळे काही करीत नसतो.

खानदेशात या चर्चेला एक भौगोलिक पदरही आहे. महाराष्ट्र हे राज्य एक असले, तरी रणजी करंडक स्पर्धेत त्याचे संघ तीन आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नशिराबादचा मुलगा मोठ्या क्रिकेटचे स्वप्न पाहतो, तेव्हा त्याची वाट पुण्याच्या महाराष्ट्र संघाकडे जाते. येथूनच पूर्वेकडे जाणारा महामार्ग मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरला पोहोचला, की विदर्भ संघाचा मुलूख सुरू होतो. त्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या नावावरची १९३९-४० आणि १९४०-४१ ही दोन अजिंक्यपदे मात्र आता आजोबांच्या आठवणींत जमा झाली आहेत. ती दोन्ही मिळाली दिनकर बळवंत देवधर यांच्या नेतृत्वाखाली. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे प्रा. देवधर हे आम्हा अध्यापकवर्गाचे लाडके दैवत. चाळिशी उलटल्यावर धावांच्या राशी रचणारा, शंभरी ओलांडून १९९३ साली निवर्तलेला, वर्गात संस्कृत शिकवून मैदानावर उतरणारा हा माणूस कोणाला प्रिय होणार नाही? परंतु संघनिवडीच्या इतिहासाचे एक पान असे आहे, की तेथे देवधरांचे नाव आपल्याला अस्वस्थ करते. त्या पानाविषयी येथे लिहायचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आज संघ प्रांतांचे असतात. त्या काळी मुंबई-पुण्याचे मोठे क्रिकेट जमातींच्या संघांत वाटलेले होते. युरोपियन आणि पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामने १८९२ साली सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ येऊन ती चौरंगी, आणि १९३७ मध्ये उरलेल्यांचा एक संघ येऊन पंचरंगी झाली. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती बंद पडली. ‘हिंदू संघ’ असे नाव घेतले, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : यात हिंदू म्हणजे कोण? ग्रंथांनी, परिषदांनी आणि सुधारकांच्या व्याख्यानांनी जो प्रश्न शक्य तितका लांबणीवर टाकला होता, त्याचे उत्तर निवड समितीला अकरा नावे लिहून द्यावे लागत होते. यादी ही फार निष्ठुर संहिता असते. तिच्यात संदिग्धतेला जागा नसते.

या यादीत एक नाव आले ते पालवणकर बाळू यांचे. मूळ कोकणातल्या चर्मकार कुटुंबात धारवाड येथे जन्मलेले बाळू वाढले पुण्यात. तेथील पूना क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना चार रुपये. खेळपट्टी लोळवावी, जाळी बांधावी आणि सरावाला आलेल्या गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करावी, हे त्यांचे काम. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. तिच्यापेक्षा अधिक बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. तासन् तास गोलंदाजी करून घेणाऱ्या त्या साहेबांनी बाळूंच्या हाती बॅट मात्र कधी दिली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी हा प्रतिष्ठेचा विलास, अशी ही वाटणी होती. कामाची अशी प्रतवारी आपल्या समाजाला नवी नव्हती. साहेबाच्या खेळात तिला केवळ दुसरा वेश मिळाला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी सर्वांत उपयुक्त गोलंदाज अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. वाद झाले, शेवटी बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सारे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवण वेगळे. संघात असणे आणि पंक्तीत असणे यांतील हे अंतर काही यार्डांचेच होते, पण ते ओलांडायला वर्षे लागली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोन भिन्न वृत्तींच्या नेत्यांनी बाळूंचा जाहीर गौरव केल्याची नोंद आहे, हेही सांगितले पाहिजे. मैदानावरचा विजय कधी कधी असे करतो. व्यासपीठावर जे एकत्र येत नाहीत, त्यांना तो एका हारापुरता एकत्र आणतो.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याच्या संघाचा आधार झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईच्या युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने या विजयाचा अर्थ लावताना जातिबंधने सैल करण्याचे फळ म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले. पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बरेच सामने गमावले, पण बाळूंनी त्या दौऱ्यातील सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन बंधूही हिंदूंकडून खेळले. बाळूंच्या प्रथम दर्जाच्या कारकिर्दीचा हिशेब पुढे मांडला गेला, तेव्हा तो निघाला ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येकी साधारण पंधरा धावांत.

आता आपल्या टपरीवरच्या निवडतज्ज्ञाला विचारा, हा माणूस कप्तान व्हावा की नाही? संघातील सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत यशस्वी, परदेशी खेळपट्ट्यांचा अनुभव असलेला. एरवी अशा खेळाडूसाठी तो भांडून उठेल. पण वर्षामागून वर्षे गेली, कर्णधार बदलले, आणि ते पद बाळूंकडे आले नाही. १९१३ साली कर्णधारपद मिळालेल्या एम. डी. पै यांनी, हा मान खरे तर ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना द्यायला हवा होता, असे जाहीरपणे म्हटले. ही कबुली पैंच्या मनाचा मोठेपणा दाखविते. निवड समितीला पात्रता दिसत नव्हती, ही सबबही ती काढून घेते. पात्रता दिसत होती. तिचे काय करायचे, हा प्रश्न होता.

येथे संघातील निवड आणि कर्णधारपदासाठीची निवड या दोहोंतील भेद नीट समजून घ्यायला हवा. आमच्या मते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म या भेदात आहे. खेळाडू म्हणून एखाद्याची निवड करणे म्हणजे त्याच्या उपयुक्ततेस मान्यता देणे. त्याचा हात, त्याचा खांदा, त्याचे मनगट आपल्या कामाचे आहे, एवढेच त्यात मान्य करावे लागते. कर्णधार म्हणून निवड करणे म्हणजे त्याच्या निर्णयबुद्धीस मान्यता देणे. गोलंदाजी कोणाला द्यायची, क्षेत्ररक्षक कोठे उभा करायचा, डाव कधी सोडायचा, हे तो ठरविणार. उरलेले दहा जण ते ऐकणार. शिवाय प्रतिपक्षाच्या कर्णधाराच्या शेजारी बसणारा, संघाच्या वतीने बोलणारा माणूसही तोच. एखाद्या जातीच्या माणसाचे कौशल्य वापरणे समाजाला कधीच अवघड गेलेले नाही. गावगाडा तर त्याच्यावरच चालत होता. अवघड जाते ते त्याच्या आज्ञेत उभे राहणे.

जन्माचा हा निकष केवळ खालच्या टोकाला लागू होता असे नाही. १९११ च्या दौऱ्याचे कर्णधार महाराजा होते. १९३२ च्या पहिल्या कसोटी दौऱ्याचे नेतृत्वही पोरबंदरच्या महाराजांकडे होते. आपली खेळातील मर्यादा ओळखून ते लॉर्ड्सच्या कसोटीत बाजूला झाले आणि सी. के. नायडू यांच्याकडे नेतृत्व आले, हा त्यांचा सुज्ञपणा. म्हणजे ज्या काळात सिंहासनावर जन्मल्यामुळे कर्णधारपद चालून येत होते, त्याच काळात चर्मकाराच्या घरी जन्मल्यामुळे ते अडत होते. दोन्हीकडे धावा आणि बळी यांचा हिशेब दुय्यम होता.

हे सारे १९२० साली उघडे पडले. पै आजारी पडले आणि मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी कर्णधार नेमला गेला तो पुण्याचे देवधर यांना. बाळूंना तर संघातूनच वगळले. यावर एखादा समंजस चाहता म्हणेल, की बाळूंनी आता चाळिशी ओलांडली होती, गोलंदाजाचे शरीर थकते, तेव्हा त्यांना विश्रांती देणे समर्थनीय होते. हा युक्तिवाद विचारार्ह आहे. वय हा संघनिवडीतला न्याय्य निकष असू शकतो. पण तो पूर्ण पुरत नाही. बाळू वयाने बाद ठरतात असे मानले, तरी शिवराम आणि विठ्ठल संघात होते. विठ्ठल तर त्या काळच्या हिंदू संघातील अव्वल फलंदाजांपैकी. त्यांना मागे सारून कर्णधारपद अठ्ठावीस वर्षांच्या देवधरांकडे का गेले, याचे उत्तर वयाच्या निकषात सापडत नाही. शिवाय बाळू ऐन भरात असतानाच्या वर्षांचे काय, हा प्रश्न राहतोच.

शिवराम आणि विठ्ठल यांनी या वेळी माघार घेतली. वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून त्यांनी आपली बाजू मांडली : बाळूंचा हक्क डावलला जातो तो आम्ही तथाकथित अस्पृश्य वर्गातले आहोत म्हणून, आणि ही आमच्या स्वाभिमानाची बाब आहे. खेळाडूने निवड समितीविरुद्ध जाहीर लेखणी उचलणे आजही धाडसाचे मानले जाते. त्या काळी, त्या जातीच्या दोन तरुणांनी ते केले. त्याच सुमारास नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावाबरोबर अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहन हिंदू समाजाला केले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या माघारीचे मोल कळते. देशाच्या व्यासपीठावर जो शब्द उच्चारला जात होता, त्याची परीक्षा या दोन भावांनी अकरा जणांच्या यादीत घेतली. वर्तमानपत्रांतून चाहत्यांची पत्रे येऊ लागली. निवड समितीला शेवटी पाऊल मागे घ्यावे लागले. पुढच्या सामन्यासाठी पै परत आले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, भाऊ संघात परतले; आणि पै मैदानाबाहेर गेले असताना संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. हिंदूंच्या संघाला त्यांनी उभे आयुष्य दिले. त्या संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच.

या घटनेत देवधरांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. ते उत्तम खेळाडू होते. १९२६ साली एम.सी.सी.विरुद्धच्या १४८ धावांनी त्यांनी ते निर्विवाद सिद्ध केले. निवड त्यांनी केली नव्हती, ती त्यांची झाली होती. परंतु म्हणूनच हे पान आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. पक्षपाती निवडीत निवडलेला माणूस अपात्रच असला पाहिजे, असे नसते. बहुतेक वेळा तो पुरेसा पात्र असतो, सुसंस्कृत असतो, महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असतो. अन्याय लपतो तो या पुरेशा पात्रतेच्या आड. निवडलेल्याकडे पाहून समाधान मानणारा डोळा वगळलेल्याकडे वळत नाही.

विठ्ठल यांच्यासाठीची मागणी नंतरही चालू राहिली आणि १९२३ साली ते हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी कर्णधाराला खांद्यावर उचलून घेतले. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, त्याला स्पर्श करण्यासाठी मैदानात झुंबड उडाली. १९२५ आणि १९२६ मध्येही त्यांच्याच कर्णधारपदाखाली हिंदू विजयी ठरले. हे घडले तेव्हा महाडच्या सत्याग्रहाला चार वर्षांचा आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला सात वर्षांचा अवकाश होता. आणि या कर्णधाराला ज्या दैवताचे नाव लाभले होते, त्याच्या पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले ते १९४७ च्या मे महिन्यात. खानदेशातल्या वाचकाला हे निराळे सांगायला नको. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले ते मास्तर. म्हणजे विठ्ठल संघाचे कर्णधार झाले आणि त्यानंतर चोवीस वर्षांनी विठ्ठल त्यांच्या जातिबांधवांचा झाला.

तरीही क्रिकेटने जात मोडली, असा सोपा निष्कर्ष काढणे आम्हांस मान्य नाही. हा विजय जमातीच्या चौकटीतला होता. ‘हिंदू’ म्हणून गोऱ्यांना, पारशांना, मुसलमानांना हरविण्यासाठी आतली भिंत थोडी खाली केली गेली. बाळूंचे पुढचे राजकारणही या गुंत्याची साक्ष देते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले, आणि त्यापाठोपाठ १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले ते बाळूंना. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. संघात राहून, कामगिरीच्या बळावर एकेक पायरी चढत जावे हा एका पिढीचा मार्ग. ज्या संघात निवड दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून आहे तो सोडून आपला संघ उभारावा हा दुसरा मार्ग. दोन्ही मार्ग एकाच अनुभवातून निघाले होते. १९२० साली शिवराम व विठ्ठल यांनी घेतलेली माघार या दोन मार्गांच्या नेमकी मध्ये उभी आहे, म्हणून ती आम्हांस एवढी मोलाची वाटते. बाळू १९५५ साली मुंबईत वारले.

हा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला त्यात एका मराठी पुस्तकाचा मोठा हात आहे. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले; ते १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत मांडला, तेव्हा या पुस्तकाचा आधार घेतला आणि पालवणकर बंधूंना नव्या वाचकांसमोर आणले. मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेत मात्र हे नाव क्वचितच येते. दलित आत्मकथनांची चर्चा आपण सहसा १९७८ च्या ‘बलुतं’पासून सुरू करतो, ती साहित्यिक दृष्ट्या सयुक्तिकही असेल, परंतु त्याच्या तीस वर्षे आधी अस्पृश्य गणलेल्या कुटुंबातल्या एका माणसाने आपल्या यशाची कहाणी मराठीत लिहून ठेवली होती, ही नोंद वाङ्मयेतिहासात हवी. खेळाडूचे पुस्तक म्हणजे क्रीडावाङ्मय, ते साहित्याच्या कपाटात नको, ही प्रतवारीही फलंदाजी आणि गोलंदाजी यांच्या जुन्या प्रतवारीसारखीच नव्हे काय?

आणि येथे प्रश्न आमच्याच दारी येऊन ठेपतो. गेल्या काही दशकांत मराठीच्या अभ्यासक्रमांत दलित, ग्रामीण, आदिवासी साहित्याला जागा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. पण ती जागा कोणती? आत्मकथन घेतले जाते, कविता घेतली जाते, त्यातील अनुभवाच्या दाहकतेवर प्रश्न विचारले जातात. म्हणजे खेळाडू संघात आला. निकष कोण ठरवितो? धुळ्याच्या शरद पाटील यांनी अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिले. ही पुस्तके साहित्यशास्त्राच्या मुख्य प्रश्नपत्रिकेत निकष म्हणून वापरली जातात, की ‘दलित साहित्य’ या घटकापुरती नेमली जातात? त्या निकषांवर मर्ढेकर आणि खांडेकर तपासून पाहण्याचा स्वाध्याय किती वर्गांत दिला जातो? अनुभव त्यांचा आणि निर्णय आमचा, अशी वाटणी जोवर आहे, तोवर आपण १९१३ सालच्या निवड समितीतच बसलेलो आहोत. गोलंदाजी त्यांनी करावी, क्षेत्ररचना आम्ही लावावी.

पुढच्या हंगामाची यादी जाहीर होईल तेव्हा नशिराबादच्या टपरीवर पुन्हा वाद होतील, व्हायलाच हवेत. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू, की यादी वाचताना अकरा नावे वाचून थांबू नये. आधी बारावे नाव शोधावे, वगळलेल्याचे. मग कर्णधाराचे नाव पाहून त्याच्या जागी आणखी कोण असू शकले असते, हे विचारावे. आणि शेवटी यादीच्या तळाशी सही कोणाची आहे, ते पाहावे. कवितासंग्रहाची अनुक्रमणिका आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रमही याच क्रमाने वाचता येतो.